साइटवर एजाइल कसं चालवायचं (स्लॅब सोडून)

आमच्या साइट ऑफिसात, म्हणजे पत्र्याच्या खोलीत, भिंतीवर एक बार चार्ट चिकटवलेला असायचा, मोठ्या कागदावर, रंगीत, प्रत्येक कामाची पट्टी कुठे सुरू कुठे संपणार सगळं नीट, आणि त्यावर चहाच्या कपाचा एक गोल डाग. त्या चार्टला कोणी कधी हात लावल्याचा तेवढाच पुरावा. डिसेंबर आला तरी चार्ट जुलैतच होता. काम मात्र चालू होतं, कसं चालू होतं ते मिस्त्रीला माहीत, सेंटरिंगवाल्याला माहीत, आणि थोडंफार मला, तेही फोनवर ओरडून ओरडून.

मी दादाबरोबर इंदूरला छोटी-मध्यम कामं करते, बंगले, तीन-चार मजली फ्लॅटच्या बिल्डिंगा, कधी एखाद्या शोरूमचं इंटिरियर. वहिनी सुपर कॉरिडॉरला आयटीत आहे. रात्री जेवताना तिच्या तोंडून स्प्रिंट, स्टँडअप, बॅकलॉग हे शब्द इतक्यांदा ऐकले की एक दिवस वाटलं आपणही करून बघावं. पहिल्या वेळी सपशेल आपटलो, दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी जमलं, तर काय केलं, कसं केलं आणि कुठे अजिबात करायचं नाही ते सगळं इथे लिहिते. भाषा आमची इंदुरी आहे, खडीला गिट्टी म्हणतो, सळईला सरिया, बिगाऱ्याला बेलदार, पाणी मारण्याला तराई, पुण्या-नाशिकवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी थोडं मागचं. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एजाइलचा जाहीरनामा लिहिला, ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं. अर्थ साधा आहे, सगळा प्लॅन आधी करून मग डोळे झाकून त्याच्या मागे धावू नका, थोडं करा, दाखवा, ऐकून घ्या, सुधारा, परत थोडं करा. त्या घराण्यातला सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे स्क्रम, त्यात कामाचे तुकडे एक महिन्याचे किंवा त्याहून छोटे, त्याला स्प्रिंट म्हणतात, आणि रोजची मीटिंग १५ मिनिटांची.

पण मला जास्त आवडली ती बांधकामवाल्यांची स्वतःची पद्धत, आणि ती या जाहीरनाम्याच्याही आधीची आहे. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोघांनी १९९० च्या दशकात लास्ट प्लॅनर नावाची पद्धत बसवली. त्यांनी साइटवर जाऊन मोजलं तेव्हा दिसलं की या आठवड्यात करू म्हणून ठरवलेल्या कामांपैकी साधारण अर्धीच त्या आठवड्यात होतात. अमेरिकेत. म्हणजे आपलंच नशीब फुटकं असं काही नाही. लास्ट प्लॅनर म्हणजे शेवटचा प्लॅन करणारा माणूस, जो उद्या सकाळी कुणाला कुठे लावायचं ते खरंखुरं ठरवतो. तो आर्किटेक्ट नाही, मी नाही, दादा तर नाहीच नाही, तो ठेकेदार किंवा त्याचा मुकादम. आणि आपण प्लॅन करताना नेमकं त्यालाच विचारत नाही. माझ्या मते सगळी गडबड इथे आहे, बाकी बोर्ड-बिर्ड नंतरची गोष्ट.

स्लॅबला घाई करायची नाही

हे सगळ्यात आधी कारण पहिल्या वेळी आमच्याच ऑफिसात एकाने विचारलं होतं की आता एजाइल आहे तर सेंटरिंग लवकर काढू का. नाही काढायचं. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानकात, आकडे दिलेत, ४.५ मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या (दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठा स्पॅन असेल तर १४, बीम ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्याच्यावर २१. हे ओपीसीचे, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आकडे आहेत, आणि बाजारातून येणारी गोणी बहुतेक वेळा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची असते, तिला ताकद हळू येते, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून दिवस वाढवायचे. तराई ओपीसीला कमीत कमी ७ दिवस, पीपीसीला १०, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर १० च्या खाली जायचंच नाही. काँक्रीटची ताकद तपासायचा ठोकळा, क्यूब, २८ दिवसांनीच फोडून बघणार. वहिनीच्या ऑफिसात चुकलेला कोड रात्रीतून मागे घेता येतो, भरलेला कॉलम मागे घ्यायचा तर ब्रेकर लागतो.

म्हणून आमचा नियम असा की फुटिंग (पायाचं काँक्रीट), कॉलम, बीम, स्लॅब, सरियाचं ड्रॉइंग हे जुन्या पद्धतीने, आधी पूर्ण ठरवून, सही घेऊन, मगच हात लावायचा. यात बदल करायचा तर फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी कागदावर, मिस्त्रीच्या अंदाजावर नाही आणि मालकाच्या मेहुण्याच्या सल्ल्यावर तर नाहीच. फ्लॅटची स्कीम असेल आणि रेरात, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या सरकारी नियामकाकडे, नोंदलेली असेल तर अजून एक लगाम आहे, २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४, मंजूर नकाशात मनाने फेरफार करता येत नाहीत, एखाद्याच्या फ्लॅटमध्ये बदल करायचा तर त्याची संमती लागते आणि बिल्डिंगच्या एकूण नकाशात किंवा सामाईक जागेत करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती. किरकोळ बदलांना थोडी सूट आहे पण त्यावर उड्या मारू नका.

एक अपवाद मात्र जमिनीच्या खाली आहे. माळव्यातली काळी माती कोणाचंच ऐकत नाही, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून पाया तिच्यातून पार खाली मुरुमावर नाहीतर खडकावर न्यावा लागतो आणि तो किती खाली लागेल ते खड्डा खणल्याशिवाय पक्कं कळत नाही. राऊकडच्या एका साइटवर शेजारच्या प्लॉटमध्ये ५ फुटांवर मुरूम लागला होता, आमच्याकडे ९ फूट गेलो. इथे दोन खड्डे आधी खणून बघायचे, इंजिनिअरला बोलावून दाखवायचे, मग फुटिंगची खोली नक्की करायची आणि मगच पुढचं खोदकाम. थोडं करा, बघा, मग ठरवा, आपले आजोबापणजोबा हेच करत होते, त्यांनी त्याला कुठलं नाव दिलं नव्हतं एवढंच.

सुरुवात फिनिशिंगपासून

एजाइलची खरी मजा येते ती प्लास्टरच्या आसपास. तोपर्यंत साइटवर दोन-तीन टोळ्या असतात, त्यानंतर एकदम दहा, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वॉटरप्रूफिंगवाला, टाइलवाला, पीओपीवाला, सुतार, ग्रिलवाला, अॅल्युमिनियमच्या खिडक्यांवाला, पेंटर, आणि प्रत्येक जण दुसऱ्यामुळे अडलेला. पूर्ण कंपनीत एकदम आणू नका, एक साइट घ्या, त्यातला एक मजला घ्या.

आमची मोठी चूक सांगते. १६ फ्लॅटची बिल्डिंग, इलेक्ट्रिशियन आला, त्याची टोळी मोठी होती, म्हटलं चला एकदमच उरकू, ८-१० दिवसांत त्याने सोळाही फ्लॅटमध्ये झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) मारून पाईप टाकून बोर्डाचे डबे बसवले, आम्ही खूश, फोटो काढले, बिल पास केलं. मग सुतार आला आणि म्हणाला की बेडच्या पाठीमागची फळी लावली की दोन्हीकडचे स्विच तिच्या मागे जाणार. सोळा फ्लॅट, ३२ बेडरूम. परत झिऱ्या, परत प्लास्टर, आणि ज्याने पाईप टाकला त्याने तर सांगितलं तसंच केलं होतं ना, त्याचे पैसे कोण कापणार, ते आमच्याच खिशातून गेले.

आता आम्ही काय करतो, एक सॅम्पल फ्लॅट पकडतो आणि तो शेवटपर्यंत नेतो, म्हणजे अगदी नळ, स्विच, एक खोली रंगवून, होईल तर एक उधारीचा पलंग ठेवून. त्यात मालक, आर्किटेक्ट आणि सगळे ठेकेदार यांना एकत्र उभं करायचं आणि बोलू द्यायचं. टाइलवाला सांगतो दरवाजा फरशीला घासणार, प्लंबर सांगतो गीझरचा पॉइंट खिडकीत येतोय, गृहिणी असेल तर ती येऊन दोन मिनिटांत सांगते की मिक्सर कुठे लावू, इथे तर सिंक आहे. ते सगळं एका फ्लॅटमध्ये मोडून दुरुस्त करायचं, मग ते लिहून काढायचं, मग बाकीचे पंधरा. तेही एकदम नाही, चार-चारच्या गठ्ठ्यात. पहिल्या चारात परत काहीतरी सापडतंच.

तुकडा किती छोटा करायचा? आम्ही बाथरूम धरतो. एक बाथरूम म्हणजे एक कार्ड नाही, त्याची ६-७ कार्डं होतात: झिरी आणि पाईप, प्रेशर टेस्ट, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून ४८ तास ठेवणं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघणं, भिंतीच्या टाइल, फरशी उतारासकट, शेवटी फिटिंग. एक माणूस किंवा एक जोडी जे एक ते तीन दिवसांत संपवू शकते तेवढं एक कार्ड. "दुसऱ्या मजल्याचं प्लंबिंग" असं कार्ड लिहिलंत तर ते महिनाभर बोर्डावर तसंच लटकत राहील आणि रोज सगळे म्हणतील चालू आहे.

बोर्ड आणि "झालं" या शब्दाची किंमत

बोर्ड म्हणजे सेंटरिंगची उरलेली प्लाय, पांढरा रंग मारलेली, जिन्याखाली टांगलेली, जिथून सगळ्यांना जावंच लागतं. त्यावर पाच रकाने: पुढे येणार, मोकळं आहे, चालू, ठेकेदार म्हणतो झालं, तपासून झालं. प्रत्येक कामाला रंग वेगळा, प्लंबर निळा, बिजली पिवळी, टाइल हिरवी, कारण आमच्या अर्ध्या लोकांना वाचता येत नाही आणि ज्यांना येतं ते हिंदी वाचतात, म्हणून कार्ड हिंदीत, खोलीचा नंबर मोठा, आणि शक्य तिथे चित्र. स्प्रिंट, बॅकलॉग, स्टोरी पॉइंट यातला एक शब्दही साइटवर उच्चारायचा नाही. मी पहिल्या दिवशी उच्चारला होता, एका मिस्त्रीने अतिशय गांभीर्याने विचारलं की मॅडम ये नया केमिकल है क्या.

चौथा आणि पाचवा रकाना वेगळे का, तर "झालं" याचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. प्लंबरचं झालं म्हणजे पाईप टाकला. माझं झालं म्हणजे पाईप टाकला, दाब दिला, रात्रभर काटा खाली आला नाही, आणि झिरी बुजवायच्या आधी टेप धरून फोटो काढला, की उद्या कोणी आरसा लावायला खिळा मारला तर पाईप कुठे आहे ते कळेल. टाइलचं झालं म्हणजे नाण्याने ठोकून पोकळ आवाज येत नाही आणि बादलीभर पाणी ओतलं की ते जाळीकडे जातं, दाराकडे नाही. प्रत्येक प्रकारच्या कामाच्या अशा चार-पाच ओळी ठेकेदारासमोर बसून ठरवायच्या आणि कार्डाच्या मागेच लिहायच्या. हे केल्यावर भांडणं अर्ध्याने कमी झाली असं मला तरी वाटतं, मोजलेलं नाही.

आणि एका टोळीच्या नावावर एका वेळी "चालू" मध्ये दोनच कार्डं, तिसरं नाही. सुरुवातीला ठेकेदार वैतागतात कारण त्यांची सवय पाच खोल्या उघडून ठेवायची आणि ज्या साइटवरून ओरडा जास्त तिकडे माणसं पाठवायची. पण बघा, पाच अर्धवट बाथरूम कुणाच्याच कामाची नाहीत, दोन पुरी झालेली असली की टाइलवाला आत जाऊ शकतो.

शनिवारची बैठक

हेच खरं इंजिन आहे. आमचा स्प्रिंट एक आठवड्याचा, कारण लेबरचा हिशोब आठवड्याचा असतो, शनिवारी संध्याकाळी हप्ता घ्यायला सगळे ठेकेदार तसेही येतात. तेव्हा ५ वाजता बोर्डासमोर बैठक, हप्ता त्यानंतर.

बैठकीत मी कामं वाटत नाही. मी पुढच्या तीन आठवड्यांत काय काय यायला पाहिजे ते दाखवते (लास्ट प्लॅनरवाले सहा आठवडे पुढचं बघतात, आमच्या एवढ्याशा साइटला तीन पुरतात) आणि प्रत्येक कार्डावर विचारते की याला काय अडतंय. ड्रॉइंग आहे का, माल साइटवर आहे का की सियागंजच्या दुकानात आहे की अजून फक्त फोनवर आहे, आधीच्या टोळीने जागा मोकळी केली का, माणसं आहेत का, मशीन आहे का, मालकाने पसंत केलं का, पैसे आहेत का. एक जरी अडचण असली तर कार्ड "मोकळं आहे" मध्ये येत नाही, अडचणीवर नाव लिहायचं कोणाची ती, आणि तारीख. बऱ्याचदा नाव माझंच असतं किंवा दादाचं, हे ठेकेदारांना भलतंच आवडतं.

मग ठेकेदाराने स्वतः कार्ड उचलायचं आणि सांगायचं की हे मी या आठवड्यात देतो. इथे "हो जाएगा" चालत नाही. हो जाएगा हा होकार नसतो हो, तो एक प्रकारचा रामराम असतो, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात. मी उलट विचारते, किती जण येणार, कुठल्या दिवशी सुरू, कुठल्या दिवशी माझ्या हातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाही म्हणायची मोकळीक पाहिजे. "मॅडम चार नहीं होंगे, तीन दूँगा" असं ज्या दिवशी आमचा टाइलवाला पहिल्यांदा म्हणाला त्या दिवशी मला वाटलं आता ही गाडी चालेल.

पुढच्या शनिवारी मोजायचं. समजा २० कार्डं कबूल केली होती, ११ पूर्ण झाली, म्हणजे ५५ टक्के. ९० टक्के झालेलं कार्ड म्हणजे शून्य, अर्धे मार्क नाहीत. लास्ट प्लॅनरमध्ये या आकड्याला पीपीसी म्हणतात, ठरवलेल्यापैकी पूर्ण झालेलं किती त्याची टक्केवारी, पण आमच्याकडे पीपीसी म्हटलं की कोणीतरी सिमेंटची गोणी उचलायला जातं म्हणून आम्ही त्याला नुसतं "पक्कं" म्हणतो. या आठवड्याचं पक्कं ५५.

उरलेल्या ९ कार्डांवर कारण लिहायचं, एकच शब्द, माल, ड्रॉइंग, माणसं, आधीचं काम, मालक, पाऊस, आमची चूक. आणि इथे जीभ आवरायची. पहिल्या वेळी मी इथेच आपटले, कमी टक्के आले की मी सगळ्यांसमोर झापायची, परिणाम काय, पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांनी सोपी सोपी कार्डं उचलायला सुरुवात केली, पक्कं एकदम ९५, मी दादाला अभिमानाने दाखवते, आणि बिल्डिंग तिथेच. आकडा माणसाला मारायला वापरलात की माणूस आकडा खोटा करतो. महिन्याभराची कारणं एकत्र मांडली तेव्हा आमच्याकडे सगळ्यात मोठं कारण निघालं "मालक", म्हणजे टाइल पसंत नाही, नळ ठरला नाही, रंग बघून सांगतो. आणि मी वर्षानुवर्षं ठेकेदारांना शिव्या घालत होते.

मालकाचं काय करायचं

आयटीत एक प्रॉडक्ट ओनर असतो, काय आधी काय नंतर हे ठरवणारा एकच माणूस. आपल्याकडे बंगला बांधायचा म्हणजे काका, काकू, आजी, मोठा मुलगा, आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर धाकटी सून, आणि सगळ्यांचं म्हणणं शेवटचं. काम घेतानाच विचारायचं, तुमच्यातलं एक नाव द्या, त्यांनी हो म्हटलं की हो. घरातलं भांडण घरात. एका घरी काकांनी मोठ्या रुबाबात स्वतःचं नाव दिलं, दोन आठवड्यांत कळलं की निर्णय काकू घेतात, तर काकूंचं नाव लिहिलं आणि काम सुरळीत झालं.

त्या एका माणसाला यादी द्यायची, कुठला निर्णय कधीपर्यंत लांबवता येतो. लोकांना वाटतं सगळं आधीच ठरवायला हवं नाहीतर सगळं शेवटी बघू, दोन्ही चूक. खिडक्या-दारांची मापं चुनाईच्या, म्हणजे विटांच्या बांधकामाच्या आधी. बाथरूमचा शॉवर, मिक्सर, डायव्हर्टर भिंतीत पाईप टाकायच्या आधी, कारण आत बसणाऱ्या बॉडीची खोली प्रत्येक कंपनीची वेगळी. किचनचा ओटा, फ्रीज, चिमणी कुठे ते बिजलीच्या झिऱ्यांच्या आधी. एसी कुठे ते ठरल्याशिवाय त्याच्या पाण्याचा पाईप टाकता येत नाही, आणि हा हमखास विसरतात. फरशीची जाडी दारांच्या चौकटी बसवायच्या आधी, मार्बल आणि टाइल यांत फरक पडतो. रंगाची छटा मात्र अगदी पुट्टी होईपर्यंत बदला, आमचं काही जात नाही. या तारखा पण बोर्डावर, लाल कार्डं, वर मालकाचं नाव. मालक साइटवर आला की आधी स्वतःचं लाल कार्ड शोधतो आणि बाकीचं बोलायचं विसरतो, हा एक वेगळाच फायदा.

दर दोन आठवड्यांनी त्यांना झालेलं काम दाखवायचं, फोटोवर नाही, उभं करून. आणि मध्येच नवीन काही सुचलं, सुचतंच, की नाही म्हणायचं नाही, कार्ड लिहायचं, त्यावर किती पैसे आणि किती दिवस ते लिहायचं, आणि विचारायचं की याच्यासाठी कुठलं कार्ड मागे सारू. त्यावर सही, मग काम. या एक्स्ट्राच्या चिठ्ठ्या त्याच दिवशी झाल्या पाहिजेत, शेवटच्या बिलात एकदम काढल्या की नातं तुटतं, मग तो आपला आत्याचा दीर का असेना.

ठेकेदाराचं पेमेंट पण याला जोडून घ्या. आधी आम्ही "इतके टक्के काम झालं" असं अंदाजाने द्यायचो, आता तपासून झालेल्या खोलीमागे देतो, पाचव्या रकान्यात गेलेली कार्डं मोजायची आणि हिशोब. सरकारी टेंडरच्या कामात हे इतकं मोकळं नाही बरं का, तिथे कामाची यादी आणि दर करारात बांधलेले असतात, तिथे एजाइल फक्त आपल्या आतल्या प्लॅनिंगपुरतं, शनिवारची बैठक, बोर्ड, कारणं, बस.

रोज सकाळी

९ वाजता, उभ्याने, १५ मिनिटं, हातात चहा. काल काय झालं, आज काय, कुठे अडलंय. अडलेलं तिथेच सोडवत बसायचं नाही, फक्त ज्याचं अडलंय त्याने नंतर थांबायचं. बसायला खुर्ची दिली की एक तास गेलाच समजा. ठेकेदार रोज येत नाही, त्याचा मुकादम चालतो, पण ज्याला माणसं हलवायचा अधिकार आहे असाच पाहिजे.

मोबाईलचं म्हणाल तर आधी व्हॉट्सअॅपचा एक ग्रुप पुरे. आम्ही एकदा वर्षाचे पैसे भरून एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं, तिसऱ्या आठवड्यात त्यात एकटी मीच माहिती भरत होते आणि एकटी मीच वाचत होते. ग्रुपमध्ये नियम एकच, फोटोबरोबर फ्लॅट नंबर आणि खोली बोलायची, व्हॉइस मेसेज चालेल. गुड मॉर्निंगचं गुलाब टाकलं की त्या दिवसाचा चहा त्याच्याकडून.

पाऊस, भगोरिया आणि इतर ठरलेली "अचानक" कारणं

आमच्याकडे बरेचसे मजूर झाबुआ-अलीराजपूरकडून येतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात तिकडे भगोरियाचे हाट, म्हणजे आदिवासींचे जत्रेसारखे बाजार, भरतात आणि साइट रिकामी होते. पाऊस पडला की पेरणीला जातात. इथे रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी इंदुरात कोणी काम करत नाही आणि करूही नये. हे सगळं दर वर्षी येतं आणि दर वर्षी आम्ही कपाळाला हात लावून बसायचो की अरे माणसं कुठे गेली. आता बोर्डाच्या वरच्या कडेला वर्षाची पट्टी आहे, तारखा मुकादमांनीच सांगितलेल्या, आणि तीन आठवडे पुढचं बघताना आधी ती बघायची. पावसाळ्यात नदीतून रेती काढणं बंद असतं, भाव चढतो, म्हणून प्लास्टरपुरती रेती जूनच्या आधी आणून ताडपत्रीखाली. पावसाच्या आठवड्यांसाठी आतली कामं मुद्दाम मागे ठेवायची, म्हणजे बाहेर चिखल असला तरी टोळी परत पाठवावी लागत नाही, कारण परत पाठवलेली टोळी दुसऱ्याच्या साइटवर लागते आणि मग तिला आणायचं म्हणजे मनधरणी.

महिन्यातून एकदा शनिवारची बैठक जरा लांबवतो, पोहे-जिलबी मागवतो (संध्याकाळी पोहे खाऊ नयेत असा काही कायदा इंदुरात नाही) आणि एकच विचारतो, कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. एकदा चुनाईच्या मिस्त्रीने सांगितलं की ट्रॅक्टरवाला विटा गेटपाशीच उलटून जातो, माझे दोन बेलदार अर्धा दिवस नुसते वाहतात. इतके महिने आम्ही त्या ढिगाऱ्याला वळसा घालून आत जात होतो, कोणाच्या डोक्यात आलं नाही. गेटच्या बाजूची सहा फूट भिंत उशिरा बांधली, ट्रॅक्टर आत. एका बैठकीतून एकच बदल घ्यायचा आणि तो पुढच्या आठवड्यात दिसलाच पाहिजे, दहा लिहून ठेवले तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

करून बघायचं असेल तर पहिल्या आठवड्यात फक्त बोर्ड लावा आणि जे चालू आहे तेवढंच त्यावर मांडा, कोणाला काही सांगू नका, येता-जाता लोक विचारतातच. दुसऱ्या शनिवारी पहिली बैठक. टक्के चौथ्या आठवड्यापासून मोजा, त्याच्या आधी नको. कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाचा, तराईचं पाणी जिन्यावरून येतंच. आणि हप्ता बैठकीच्या नंतरच द्या, मी एकदा घाईत आधी वाटला होता, बोर्डासमोर मी आणि चहावाला असे दोघंच उरलो होतो.